पिवळ्या ठिपक्यावर उभं राहिलं की

मोरबी, ९ नोव्हेंबर २०२४

सम्या,

आन् ते सेव्ह मी उडवलं न्हाई. हे तुला नागापूरच्या खोलीत सांगितलं, मेसच्या रांगेत सांगितलं, मावशीसमोर शनिमहाराजाची आण घेऊन सांगितलं. आता कागदावर लिहून देतो. ज्यानं ती गेम बनवली त्याला धर. अख्खं शहर उघडलेलं, साठ-सत्तर कामं करून ठेवलेली, आन् सेव्ह करायला जागा किती, तर एक! एका खोलीत दोघं मावसभाऊ ऱ्हात्यात, एकाच कंप्युटरवर दोघं खेळत्यात, हे त्याच्या टकुऱ्यात आलंच न्हाई. 'नवीन खेळ' दाबलं की जुना गेला. अरं, 'खरंच पुसू का' एवढं तरी इचार की. एटीएम पन शंभराची नोट द्यायच्या आधी दोनदा इचारतं. बटन मीच दाबलं आसंल. दाबलं आसंल, पन उडवलं न्हाई. ह्यात फरक हाय आन् तुला तो कधी कळला न्हाई.

पत्र ह्यासाठी की मावशी म्हनली तिथनं फोन फकस्त तिलाच लागतो, पाच मिन्टं, आन् त्यात तू रडत बसतो. रडू नको, बिल वाढतं. सातवीनंतर मी एवढं कधी लिहिलं न्हाई, बोटं आखडली. नागापूरचं वर्कशॉप मी सोडलं. तुझ्या भानगडीनंतर समदे माझ्याकडंच बघायचे. हितं गुजरातेत टाइल्सच्या कारखान्यात हाय. भट्टीतनं निघालेली टाइल उचलायची, खोक्यात भरायची. पांढरी धूळ एवढी की आरशात मी म्हातारा दिसतो.

तीच गेम मी मोबाईलवर घेतलीय. पार पहिल्यापासनं चालू केलीय, तुझ्या सेव्हची भरपाई म्हन. आन् जी खोट तेव्हा हुती ती अजून तशीच हाय. गाडीचं दार उघडायचं आन् माणसाची गचांडी धरायची, दोन्हीला बटन एकच. काल गाडीत बसायला गेलो, बाजूनं एक म्हातारी पिशवी घेऊन चाललेली. बसायचं ऱ्हायलं बाजूला, म्हातारीला ठोसा. लगेच पोलीस. मी वरडतोय, अरं बाबा मला बसायचं हुतं! ऐकतंय कोन. आन् घरं बघ. गावात आपल्या घराला दार न्हाई, तर तिथं शहरभर दारंच दारं, एक उघडत न्हाई. भिंतीवर रंगवल्यागत. पळता पळता कुठं शिरावं म्हनलं तर कपाळ आपटतं.

कसा हायस ते लिही. त्या दिवशी काय झालं ते लिहू नको, पत्रं वाचत्यात म्हनं.

गोरख

कारागृह, बराक २
२१ नोव्हेंबर २०२४

गोरखदादा,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मला उशिरा मिळालं आणि ते तुझ्याच करणीमुळं. ते जेलर साहेबांनी ठेवून घेतलं होतं. मला बोलावलं, पत्र पुढं धरलं. "शहर उघडलेलं म्हणजे काय रे? साठ-सत्तर कामं कुठली? हा सेव्ह कोण? ह्याला कुणी उडवला?"

म्हटलं, "साहेब, गेम आहे."

"गेम केला ते दिसतंयच मला. कुणाचा केला ते बोल."

मी घामानं भिजलो. तेवढ्यात रंगनाथ म्हणून शिपाई आहेत, ते दारातून म्हणाले, "साहेब, खरं बोलतोय पोरगा. माझा पुतण्या खेळतो. आन् ते बटन खरंच एकच हाय, मी पन एकदा चुकून पाद्री मारला." साहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं की बस. पण पत्र मिळालं.

सेव्हबद्दल एवढंच म्हणतो की दाबलं म्हणजेच उडवलं. विषय संपला.

त्या दिवशीचं लिहू नको म्हणालास, पण मी लिहिणार आहे. वाचणाऱ्यांनाही कळू दे. वर्कशॉपच्या गेटबाहेर टपरीवर आपण दोघं चहा पीत होतो. भीमाशेठ भंगारवाला आला, टेम्पो त्याचाच. म्हणाला, "तांब्याची जुनी तार हाय, पावती माझ्याकडं हाय, सोनईच्या पुढं शेडवर टाकून या." आधी तुलाच म्हणाला. दुखतंय म्हणत तू पोट धरलंस. मग माझ्याकडं वळला. मी किल्ली घेतली. सोनईला जाताना आपलं गाव लागतंच, म्हटलं घरी जेवून जाऊ. टेम्पो घरासमोर लावला. किल्ली तशीच आत, ताडपत्री अर्धी सुटलेली. आपल्या शिंगणापुरात कोण काय झाकतं? पोलीस आले ते सरळ चुलीपर्यंत. दारच नाही, तर ठोठावणार कशावर? मी हातात भाकरी घेऊन उभा. म्हटलं, "साहेब, चोरीचा माल असता तर मी इथं आणला असता का? शनिदेवाच्या गावात?" ते हसायला लागले. एकानं तर दुसऱ्याला टाळी दिली. आई हसली नाही. ती म्हणाली, "बरोबर बोलतोय की तो."

आपल्या गावचं पोर ही गोष्ट खरंच खरी म्हणून सांगतं, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही, दादा. मला ते तेव्हा कळलं.

आता भीमाशेठ म्हणतो, मी ह्या पोराला ओळखत नाही, ह्यानं टेम्पो परस्पर नेला. मला सरकारकडून वकीलबाई मिळाल्यात, ज्ञानेश्वरी मॅडम. त्या म्हणाल्या, "ते बोलणं ऐकणारा तिसरा माणूस कोण?" म्हटलं, "माझा मावसभाऊ." त्यांचा चेहरा उजळला. तू न्यायाधीशांसमोर जबाब दिलास तर जामीन होईल, आणि पुढं केसही उभी राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. टपरीवाला म्हणतो मला आठवत नाही. म्हणजे तूच.

तारीख लागली की कळवतो. येशील ना?

तुझा,
समर्थ

मोरबी, ६ डिसेंबर २०२४

सम्या,

पत्र मिळालं. लई वाईट वाटलं. त्या रंगनाथदादांना माझा नमस्कार सांग. माणूस जाणता हाय.

मी आता त्या कामावर अडकलोय, ज्यात एका माणसाच्या मागं मागं जायाचं असतं. आठवतं? तो चालतो आपल्या चालण्यापेक्षा जोरात आन् आपल्या पळण्यापेक्षा हळू. चाललो की मागं पडतो, पळलो की पुढं जातो आन् त्याला कळतं. म्हंजे दोन पावलं पळायचं, थांबायचं, दोन पावलं पळायचं, थांबायचं, उचकी लागल्यागत. बनवनारा कधी कोनाबरोबर रस्त्यानं चालला न्हाई वाटतं. आन् शेवटाला चुकलं की पुन्हा पहिल्यापासनं. पुन्हा तीच गाडी, तोच पूल, शेजारी बसलेल्याची तीच बडबड. त्याची बडबड मला पाठ झालीय. आमच्या खोलीतल्या बिहारी पोराला पन पाठ झालीय, झोपेत बोलतो.

पन खरी खोट कोनती सांगू? पिवळा ठिपका. त्या ठिपक्यावर उभं राहिलं की काम अंगावर आलंच. काम देनारा शेठ खुर्चीत बसून बोलत ऱ्हातो आन् आपला माणूस मान हलवत ऱ्हातो. न्हाई म्हनायला बटनच न्हाई! एवढं मोठं शहर केलं, इमानं उडवली, समुद्रात मासं सोडलं, आन् 'न्हाई जमत' म्हनायचं एक बटन द्यायला त्याच्या बापाचं काय जात हुतं? मी मोबाईल आपटला. काच तडकली, कोपऱ्यात. आता नकाशा नीट दिसत न्हाई.

येन्याचं म्हनतोस. हितं ठेकेदारानं आधार कार्ड ठेवून घेतलंय, सीझन संपल्याबिगर देत न्हाई. आन् एक गोष्ट तू धेनात घे. मी उभा राहिलो की साहेब मलाच इचारनार, तू तिथं काय करत हुतास, मग तू का न्हाई गेलास. कोर्टाचं असतं तसं. मला बोलता येत न्हाई तुला ठावं हाय. शाळेत गुर्जींनी नाव इचारलं तरी मला घाम फुटायचा.

तरी तारीख कळव. बघू.

गोरख

कारागृह, बराक २
१७ डिसेंबर २०२४

गोरखदादा,

तारीख लागली. दहा जानेवारी, शुक्रवार, नगरचं कोर्ट, सकाळी अकरा. मॅडमनी अर्ज देऊन ठेवलाय. आईकडून तुझा नंबरही घेतलाय त्यांनी. आधार कार्ड ठेवून घेता येत नाही म्हणाल्या, तसं ठेकेदाराला सांग, नाहीतर त्या स्वतः फोन करतील. बोलायला येत नाही म्हणतोस, तर बोलायचं आहेच केवढं? भीमाशेठ टपरीवर आला. पावती आहे म्हणाला. समर्थला किल्ली दिली. तीन वाक्यं. तू त्या गेमबद्दल चार पानं लिहितोस.

तुझ्या पिवळ्या ठिपक्याची गोष्ट मी बराकीत सांगितली, गेममधल्या चोरलेल्या गाड्यांचीही. इथं श्रीमंत म्हणून एक वयस्क माणूस आहे, गाड्या चोरायचा. तो म्हणाला, "हे बरं हाय! गाडी चोरायची आन् रंगवून त्याच गावात फिरवायची? कुठल्या येड्यानं बनवलंय रे? गाडी फिरवायला चोरत न्हाईत, सुटे भाग करून इकायला चोरत्यात." मग त्यानं विचारलं, पोलीस दिसेनासे झाले की खरंच सोडून देतात का? हो म्हटलं, एका बोळात थोडा वेळ उभं राहायचं, की सगळे विसरतात. त्यावर तो पांघरूण ओढून बसला.

मी त्या गेममध्ये एकही पोलीस मारला नव्हता, आठवतं? तू हसायचास. म्हणायचास, भरतीवाले तुझा गेम तपासणार आहेत का. पोलीस भरतीचा फॉर्म ह्या वर्षी भरायचा राहिला. सोळाशे मीटर मी पाच मिनिटांच्या आत आणलं होतं. इथं अंगण आहे, पण पळायला देत नाहीत, चालू देतात. वयाची आणखी दोन वर्षं आहेत. गुन्हा नावावर असला तर तीही नाहीत.

बटण नाही म्हणतोस, पण तुला तर जमलं होतं. पोट धरून. त्याच दुपारी तू मेसमध्ये दोन मिसळी खाल्ल्यास. मी इथं बसून उगाच काहीतरी आठवत बसतो. ते सोड.

दहा तारीख. तू येतोयस हे आईला सांगितलंय. तिनं तुझ्यासाठी शेंगांच्या पोळ्या करायचं आत्तापासून ठरवलंय.

तुझा,
समर्थ

मोरबी, २ जानेवारी २०२५

सम्या,

येतोय.

ठेकेदाराला म्हनलं, मावशी मेली. मावशीला सांगू नको. आधार कार्ड दिलं त्यानं, वर पाचशे रुपयं पन दिलं, फुलाला. मानूस वाईट न्हाई. आठ तारखेला निघतो. सुरतपतुर रेल्वे, तिथनं नगरची बस. दहाला सकाळी कोर्टाच्या गेटवर उभा दिसंन. नवा शर्ट घेतलाय, निळा. जुन्यातली धूळ जातच न्हाई.

तीन वाक्यं पाठ केलीत. खोलीतल्या बिहारी पोराला साहेब केला आन् त्याच्यापुढं बोललो. त्याला मराठी येत न्हाई म्हनून बरं. पहिलं वाक्य नीट झालं. दुसऱ्याला मधीच पानी प्यायलो. तिसऱ्याला तो म्हनला, "भाई, तू रो क्यों रहा है?" रडत न्हवतो, धुळीनं व्हतं तसं.

तुझी ती मॅडम रोज फोन करती. लई गोड बोलती. "गोरक्षनाथजी" म्हनती मला. आख्ख्या आयुष्यात पहिल्यांदा कोन 'जी' म्हनलं. ती म्हनली, तुमी फक्त खरं सांगा, जेवढं माहीत हाय तेवढं समदं सांगा. मी म्हनलं, समदं कशाला, तीन वाक्यं सांगतो की. तर हसली. म्हनली, समोरचा वकील पन इचारंल, घाबरू नका. त्या वकिलाचं मला कोनी सांगितलं न्हवतं.

गेम बंद केलीय चार दिस. रस्ता सोडून जरा बाजूला गेलं की पडद्यावर येतं, 'तू काम सोडून चाललास', आन् उलटे आकडे मोजायला लागतं. पानी प्यायला थांबायची सोय न्हाई.

बाकी भेटल्यावर. केस काप. साहेबासमोर बरं दिसतं.

गोरख

कारागृह, बराक २
१४ जानेवारी २०२५

गोरख,

आज संक्रांत आहे. रंगनाथ शिपायांनी तिळगूळ दिला.

दहा तारखेला मला साडेदहालाच नेलं. केस कापले होते. आई गेटजवळ उभी, हातात तुझ्या पोळ्यांचा डबा. पिंजऱ्याच्या गाडीतून उतरताना मी तिच्याकडं बघितलं, तर ती माझ्याकडं नाही, रस्त्याकडं बघत होती. निळा शर्ट दिसला की पुढं व्हायची. किती लोक निळा शर्ट घालतात, ते मला त्या दिवशी कळलं.

मॅडमनी नंबर शेवटी लावून घेतला. दुपारी जेवणाच्या सुटीनंतरसुद्धा त्या दारात जाऊन बघत होत्या. आईनं आदल्या रात्री तुला फोन केलेला. तू म्हणालास, "सुरतला उतरलोय मावशे, बस समोर उभी हाय, बसतोच." मग फोन बंद. आईला वाटलं अपघात झाला. सगळीकडं रडत फोन लावले तिनं, सुरतला दिलेल्या आपल्या निकिताच्या नवऱ्याला स्टँडवर पाठवलं. त्या रात्रीच्या कुठल्याच बसला काही झालं नव्हतं.

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, साक्षीदार? मॅडम म्हणाल्या, येतोय. साहेब म्हणाले, कधी? मॅडम पुन्हा दारात जाऊन आल्या. जामीन नाकारला. आता वरच्या कोर्टात अर्ज करायचा, त्याला किती महिने लागतील कोण जाणे. जाताना आईनं तो डबा गाडीतल्या पोलिसाला दिला. पोरासाठी घ्या म्हणाली, नाहीतर तुम्ही खा.

मी रागावलो नाही. रागवायला लागलो की तू सातवीतला दिसतोस, फळ्यासमोर.

फक्त एक विचारायचं आहे. भीमाशेठ तुझ्याशी बोलत होता, तेव्हा टेम्पो तुझ्या मागं उभा होता. तू वळलास, ताडपत्रीचा कोपरा वर केलास, आत बघितलंस. मग पोट धरलंस. मी चहाचे पैसे देत होतो, पण मी ते बघितलं होतं. इतके दिवस त्याचा अर्थ लावला नव्हता. तुझ्याकडं तारेचं चार वर्षांचं काम. चोरीची नवी तार जाळून जुनी दाखवलेली तुला बघितल्याबरोबर कळते. मला नाही कळत.

तुला माहीत होतं का?

हो किंवा नाही, एवढंच लिही. गेमचं काही लिहू नको.

समर्थ

कच्छ, ३ मार्च २०२५

सम्या,

पत्ता बदलला. मोरबी सोडलं. ठेकेदाराला कुनीतरी सांगितलं की मावशी जित्ती हाय. हितं पवनचक्कीचं काम चालू हाय. पंखा एवढा लांब की एक पंखा आनायला आख्खा रस्ता बंद करत्यात. माझं काम नट आवळायचं. आजूबाजूला काय न्हाई. मीठ हाय, वारा हाय. पत्र टाकायला तालुक्याला जावं लागतं म्हनून उशीर झाला. तेवढ्यासाठीच झाला आसं न्हाई. तीनदा लिहून फाडलं.

सुरतचं सांगतो. बस उभी हुती. कंडक्टर दारात लोंबकळत वरडत हुता, नगर नगर नगर. माझ्या हातात पिशवी. मी तिकिटाचं पैसं पन काढलेलं. तो म्हनला, "ओ निळा शर्ट, येताय का?" मी म्हनलं येतो. त्यानं बेल मारली. बस हलली तरी दार उघडंच ठेवलं त्यानं, लई लांबपतुर उघडं ठेवलं, हात बाहेर काढून. मी चाललो न्हाई आन् पळालो बी न्हाई. मग ती वळली.

मावशीचा फोन वाजत हुता, तो मी बंद केला. निकिताचा नवरा मला हुडकत फिरत हुता ते बी मी बघितलं. पलीकडं वडापावच्या गाडीमागं हुतो.

गेमचं लिहू नको म्हनालास. पन माझ्याकडं दुसरं हाय काय लिहायला? शेवटच्या कामाला पोचलोय. दोस्ताला त्याच्या घरासमोरनं गाडीत घ्यायचं आन् शहराबाहेर सोडायचं, एवढंच काम. गाडी लावली. हॉर्न वाजवला. तो आला, गाडीजवळ उभा राहिला, दार बी उघडलं, आन् बसतच न्हाई. हॉर्न मारला, पुढं घेतली, मागं घेतली. उतरून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. नुसता बघतो, हात दाराला. काम फसलं म्हनावं तर तसं बी येत न्हाई. पुरं झालं म्हनावं तर तसं बी न्हाई. काम चालू असताना सेव्ह करू देत न्हाई, आन् काम सोडायचं बटन तर पहिल्यापासनंच न्हाई. पवनचक्कीवर एक तेलगू पोरगा हाय, त्याला दाखवलं. म्हनला, ही खोट समद्यांच्या गेमला येते, बनवनाऱ्याला ठावं हाय, पन तो दुरुस्त करत न्हाई, आता त्याचं पैसं वसूल झालं. उपाय काय म्हनलं. तर म्हनला, काय न्हाई, पार पहिल्यापासनं.

मी पुसली न्हाई. मोबाईल तसाच चार्जिंगला लावून ठेवतो. दिसभर नट आवळून येतो आन् बघतो. अजून उभा हाय.

तू जे इचारलंस त्याचं मी लिहायला बसतो आन् उठून मोबाईलच बघतो. त्या मॅडमला सांग, मला फोन करू नका. नंबर बदललाय. मावशीला सांग, पोळ्या मी खाल्ल्या असत्या.

त्या वरच्या कोर्टाला वेळ लागतो म्हनतोस. तोवर तुला तिथं साबन, तेल, बिस्किट काय लागंल. तुझ्या नावानं मनिऑर्डर केलीय. पावती माझ्याजवळ हाय. पैसं मिळालं का ते लिहिलं न्हाईस तरी चालंल.

अठराशे रुपये.